आधी कर्मचाऱ्यांचं रखडलेलं काम, मग आपलं: खेड्यातल्या कॉलेजचं ऑफिस सांभाळायची पद्धत

नवीन प्राचार्य झालात, प्रभारी रजिस्ट्रार म्हणून सह्या करायला लागलात, नाहीतर विद्यापीठात एखादा कक्ष हाती आला, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी केबिनमध्ये येऊन हळूच सांगतं, "सर, इथले लोक काम करत नाहीत, सांभाळून राहा." हे ऐकून घ्या पण डोक्यात ठेवू नका. माझी सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या कॉलेजच्या ऑफिसात गेली, कनिष्ठ लिपिकापासून अधीक्षकापर्यंत, आणि इतक्या वर्षांत जन्मजात कामचुकार म्हणता येतील अशी माणसं फार कमी भेटली. जास्त करून भेटली ती थकलेली माणसं. वीस-वीस वर्षं एकाच टेबलावर बसलेली, प्रमोशनची फाइल कुठंतरी अडकलेली, आणि कोणी शेवटचं नीट विचारलं कधी ते आठवत नसलेली.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना अशा माणसांसोबत काम करायचं आहे. अमरावती, नागपूर, गोंडवाना, कोणतंही विद्यापीठ असो, तालुक्याच्या नाहीतर खेड्यातल्या कॉलेजचं ऑफिस सगळीकडं साधारण सारखंच चालते. लिपिक, लेखापाल, प्रयोगशाळा सहायक, परिचर, ग्रंथालयातले लोक, शिपाई, एजन्सीची कंत्राटी पोरं, या सगळ्यांबद्दल लिहितोय. शिकवणाऱ्यांसाठी कार्यशाळा पुष्कळ होतात, यांना कसं सांभाळावं हे मात्र कोणी शिकवत नाही, आणि प्राध्यापक एकदम प्राचार्य होतो तेव्हा त्याला ऑफिस म्हणजे काय हे तिथंच, चुकत चुकत शिकावं लागते.

पहिली पायरी: कोण कोण आहे ते आधी कागदावर काढा

पहिल्या पंधरा दिवसांत कोणताही नवीन आदेश काढू नका. एक मोठा तक्ता करा. प्रत्येक माणसाचं नाव, रुजू तारीख, निवृत्तीची तारीख, शेवटचं प्रमोशन कधी, आश्वासित प्रगतीचा लाभ (प्रमोशन नसलं तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी) कधी मिळायला पाहिजे होता आणि मिळाला का, सेवापुस्तक (नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक) कुठपर्यंत भरलेलं आहे, १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचा की नंतरचा (पेन्शनचा सगळा हिशोब या तारखेवर फिरतो), गाव कोणतं, येणंजाणं कशानं, घरी वावर, म्हणजे शेती आहे का.

त्याच तक्त्यात एक रकाना असा ठेवा की पगार कोण देतो. एकाच हॉलमध्ये चार टेबलं असतात आणि चौघांचे मालक चार. एक अनुदानित, त्याचा पगार सेवार्थमधून, म्हणजे सरकारच्या पगार प्रणालीतून. दुसरा विनाअनुदानित, त्याचा पगार संस्था देते, कधी वेळेवर कधी नाही. तिसरा एजन्सीचा. चौथा रोजंदारीवर, "पुढच्या वर्षी पाहू" या शब्दावर बसलेला. काम चौघं सारखंच करतात, ॲडमिशनच्या दिवसांत तर रोजंदारीवालाच जास्त करते. हे माहीत नसताना मीटिंगमध्ये "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं म्हणाल तर चौघंही मान डोलावतील आणि मनात काहीतरी वेगळंच म्हणतील.

माणसं मोजून झाली की टेबलं मोजा. ॲडमिशन, शिष्यवृत्ती, परीक्षा, लेखा, आस्थापना, आवक-जावक, भांडार, नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) माहिती, पोर्टलवरची कामं. मंजूर आकृतिबंधात (पदांच्या मंजूर तक्त्यात) पदं किती, भरलेली किती, रिकामी किती. बहुतेक ठिकाणी असं दिसेल की एकच बाई तीन टेबलं ओढून राहिली आहे आणि तिच्याच नावानं सगळ्यात जास्त तक्रारी आहेत, कारण जो जास्त काम करतो त्याच्याच हातून जास्त चुका दिसतात.

दुसरी पायरी: त्यांची रखडलेली कामं मार्गी लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून इथं जरा जास्त लिहितो, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास छापला, त्यातलं सूत्र आजही ऑफिसात लागू पडते. पगार, नियम, साहेबाची वागणूक, बसायची जागा, नोकरीची शाश्वती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट केल्या म्हणून लगेच तो उत्साहानं कामाला लागतो असं नाही, उत्साह येतो तो काम पूर्ण झाल्याच्या समाधानातून, कोणी दखल घेतली त्यातून, जबाबदारी मिळाली त्यातून. म्हणजे दोन वेगवेगळी कामं आहेत. बहुतेक साहेब लोक दुसऱ्यापासून सुरुवात करतात, सत्कार ठेवतात, प्रेरणादायी भाषण ठेवतात, आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र अडकलेली वेतनवाढ असते. चिखलात रुतलेल्या बंडीचं चाक आधी मोकळं करतात, बैलाला हाक त्याच्यानंतर देतात.

विषय किती खोल गेला आहे ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या राज्यानं पाहिलं. विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, मग बेमुदत संप केला. मागण्यांमध्ये आश्वासित प्रगती योजना होती, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी होती. त्यातलं पुष्कळसं मंत्रालयात ठरते, तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण कॉलेजच्या पातळीवर जे अडलेलं असते ते तुमच्या सहीनं सुटते, आणि ते प्रमाण कमी नसते.

करायचं काय, तर महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा दुसरा शुक्रवार, आणि त्या दिवशी आस्थापनेचा लिपिक, लेखापाल आणि तुम्ही स्वतः दरवाजा लावून बसा. फक्त कर्मचाऱ्यांची प्रलंबित कामं काढा. सेवापुस्तकातल्या राहिलेल्या नोंदी, रजेचा हिशोब, १ जानेवारी नाहीतर १ जुलैची वेतनवाढ लागली की नाही, वैद्यकीय बिलं, नॉमिनेशन, नावातल्या नाहीतर जन्मतारखेतल्या चुका, स्थायित्वाचे आदेश, जात पडताळणीच्या प्रती. प्रत्येक प्रकरणाच्या पुढं लिहा की आता हे कोणाच्या टेबलावर आहे आणि पुढचा कागद कोणता लागतो. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात पाठवलेलं प्रकरण असेल तर जावक क्रमांक आणि तारीख लिहा, आणि तुम्ही मीटिंगसाठी अमरावतीला नाहीतर नागपूरला गेलात की ती यादी खिशात न्या, स्वतः जाऊन विचारा. प्राचार्य आपल्या लिपिकाच्या फाइलसाठी सहसंचालक कार्यालयात उभा राहिला ही बातमी तुम्ही परत यायच्या आधी कॉलेजात पोचलेली असते.

सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते, हे नियमात आहेच. पाळतात किती जण ते ज्यानं त्यानं पाहावं. तुम्ही पाळा. एप्रिलमध्ये एक आठवडा ठेवा, प्रत्येकाला बोलवा, खुर्ची द्या, सेवापुस्तक समोर ठेवा, स्वतःचं स्वतः वाचू द्या. परिचराला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. यात अर्धा तास जातो आणि त्याच्या बदल्यात विश्वास मिळतो, जो दुसऱ्या कशानं मिळत नाही. एका प्रयोगशाळा परिचरानं असं पुस्तक पाहून मला म्हटलं होतं, "साहेब, एवढ्या वर्षांत पयल्यांदा पायलं मी माह्यं पुस्तक." त्यात त्याची एक रजा विनावेतन लागलेली होती जी प्रत्यक्षात मंजूर रजा होती. नोंद दुरुस्त झाली. त्यानंतर केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला काचसामान कमी पडलं अशी तक्रार आली नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली की पेन्शनचं प्रकरण काढा, शेवटच्या सहा महिन्यांवर ढकलू नका. ज्या ऑफिसात निवृत्त माणूस वर्षभर पेन्शनसाठी चकरा मारतो तिथं मागं राहिलेले सगळे ते पाहत असतात, आणि आपलंही असंच होणार हे धरून चालतात.

तिसरी पायरी: कामाची वाटणी, लेखी आणि जोडीनं

"शिष्यवृत्तीचं कोण पाहते?" असं विचारल्यावर तिघं एकमेकांकडं पाहतात, ही ऑफिसची सगळ्यात वाईट खूण. प्रत्येक टेबलासाठी एक पान करा. काम कुठून येते, त्यात काय करायचं, पुढं कुठं पाठवायचं, शेवटची तारीख काय, आणि तो माणूस रजेवर असला तर जोडीदार कोण. हे पान तुम्ही लिहू नका, ज्याचं टेबल आहे त्यालाच लिहू द्या, तुम्ही फक्त वाचून सही करा. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला ते काम तुमच्यापेक्षा जास्त समजते, आणि त्याला लिहायला सांगितलं यातच त्याला तुम्ही जाणकार मानलं हे येऊन जाते.

वाटणी करताना कामाचे बारीक तुकडे करू नका. एक फक्त पावत्या फाडतो, दुसरा फक्त एनरोलमेंट नंबर टाकतो, तिसरा फक्त टीसी लिहितो, यात कोणालाच आपण काय केलं ते दिसत नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं, की काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून झालं, त्याचा कोणाला तरी उपयोग झाला, थोडं आपल्या मतानं करता आलं आणि ते बरं झालं का वाईट हे कळलं, तर माणूस कामात जीव ओततो. आपल्याकडं त्याचा अर्थ असा होतो: बीएचे सगळे विद्यार्थी एका लिपिकाकडं द्या, ॲडमिशनपासून टीसीपर्यंत. बीकॉम दुसऱ्याकडं, बीएस्सी तिसऱ्याकडं. पोराला पण कळते की आपलं काम कोणाकडं आहे, खिडक्या बदलत फिरावं लागत नाही. आणि लिपिकालाही तीन वर्षांत त्या पोराचं तोंड ओळखीचं होते.

एक अपवाद ठेवा आणि तो कडक पाळा. रोख पैसे घेणारा आणि रोकडवहीचा बँकेशी मेळ घालणारा माणूस एकच नको. विश्वास असला तरी नको. विश्वासातल्या माणसावर उद्या खोटा आळ आला तर त्याच्याकडं दाखवायला काही राहत नाही, म्हणून हे त्याच्याच भल्यासाठी आहे, असं त्याला समोर बसवून सांगा.

पोर्टलचं वेगळं सांगतो कारण इथं फार घोळ होतो. महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं), एबीसी आयडी (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटचं खातं), समर्थ (प्रशासनाच्या कामाचं), नॅक, विद्यापीठाचं परीक्षा पोर्टल, सगळ्यांचे लॉगिन कोणाच्या तरी स्वतःच्या मोबाइलला जोडलेले असतात. तो माणूस लग्नाला गेला की ओटीपी लग्नात. कॉलेजच्या नावानं एक सिम घ्या, एक साधा फोन ऑफिसात ठेवा, सगळे लॉगिन त्यावर आणा, पासवर्डची नोंद बंद पाकिटात प्राचार्यांकडं ठेवा. यात त्या कर्मचाऱ्यावर अविश्वास नाही, उलट त्याला रविवारी रात्री फोन येणं बंद होते. हे नीट समजावून सांगितलं नाही तर मात्र त्याला वाटते की आपलं महत्त्व काढून घेतलं, तेव्हा सांगा.

चौथी पायरी: विद्यापीठाचं कॅलेंडर आणि वावराचं कॅलेंडर शेजारी शेजारी लावा

शहरातून आलेले अधिकारी इथं अडखळतात. आपल्या ऑफिसातल्या निम्म्या घरी शेती आहे, कोणाची पाच एकर कोणाची दोन. जूनमध्ये मृग लागला की पेरणी, आणि त्याच जूनमध्ये ॲडमिशन. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, आणि तेव्हाच हिवाळी परीक्षेचे फॉर्म आणि पेपर. दरवर्षी हे भांडण होते, दरवर्षी साहेब म्हणतात "ऐन टायमाले रजा मागते", आणि दरवर्षी तो माणूस आजारी पडल्याचा अर्ज टाकून वावरात जातो, दोघांनाही माहीत असते की तो आजारी नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. एप्रिलच्या मीटिंगमध्ये उघड विचारा, पेरणीला कोणाला किती दिवस लागतात. पाऊस कधी येतो ते कोणाच्या हातात नाही, म्हणून तारखा मागू नका, दिवस मागा आणि जोड्या लावा. अ गेला तर ब दोन्ही टेबलं पाहील, ब गेला तर अ. जोडीतल्या दोघांनी एकाच दिवशी जायचं नाही, एवढाच नियम. पाऊस पडल्यावर सकाळी फोन करून सांगितलं तरी चालेल असं मोकळं करून टाका. लोक स्वतःच एकमेकांचं सांभाळून घेतात, खोटे अर्ज बंद होतात. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा याच्या आदल्या दिवशी मोठं काम काढू नका, ते होणारच नाही.

मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो आणि उन्हाळी परीक्षेचं काम तर सुरूच असते. मोजून पाहा की कुलर कोणाच्या डोक्यावर आहे आणि स्ट्राँगरूममध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणारे शिपाई कशात बसले आहेत. बंद खोलीत, पंखा आहे पण लाईन गेलेली. गठ्ठे बांधायचं काम सकाळी लवकर लावा, दुपारी बाराच्या आत संपवा, माठ भरलेला ठेवा. यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज पडत नाही.

मीटिंग चार वाजल्यानंतर ठेवू नका. साडेपाचची येस्टी चुकली तर पुढची सातला, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर तीही नाही. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तिथं तर आठवड्याची हजेरी वेगळ्या डोळ्यानं पाहावी लागते. बाया असल्या तर हा मुद्दा अजून जड आहे. घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, लेकरू शेजारी ठेवलेलं असते. परीक्षेच्या दिवसांत उशीर होणारच असेल तर सकाळीच सांगा आणि परतीची सोय करा. ऑफिसात बायांसाठी वेगळं, कडी लागणारं, पाणी असलेलं बाथरूम आहे का हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा, विचारून खरं उत्तर मिळत नाही. आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणं दहा किंवा जास्त लोक असतील तिथं तक्रार समिती पाहिजेच, तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर भिंतीवर लावलेले असू द्या.

पोर्टलच्या शेवटच्या तारखेला रात्री जागून फॉर्म पाठवणारे लोक असतात कारण दिवसा सर्व्हर चालत नाही. त्या रात्रीची बदली रजा लगेच लेखी मंजूर करा. "नंतर पाहू" म्हटलं की ती रजा बुडते आणि पुढच्या वर्षी कोणी जागत नाही.

पाचवी पायरी: काम कोणासाठी चाललंय ते दिसू द्या

मिशिगन विद्यापीठात ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००७ मध्ये छापून आला. तिथं काही लोक माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायचं कंटाळवाणं काम करत होते. त्यातल्या एका गटाला फक्त पाच मिनिटं एका विद्यार्थ्याला भेटवलं, ज्याला त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळाली होती. महिन्यानंतर पाहिलं तर या गटाचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला होता आणि जमवलेली रक्कम अडीच पटीच्या वर. पगार तोच, काम तेच.

आपल्या ऑफिसात हे करायला तर काहीच लागत नाही, विद्यार्थी खिडकीतच उभे असतात. फक्त ते अडचण घेऊन येतात तेव्हाच दिसतात, काम झाल्यावर परत येत नाहीत. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या माणसानं काय काय केलं असते ते पाहा: पोरीचं बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे परत गेले, तिला बँकेत पाठवलं, उत्पन्नाच्या दाखल्यावर वडलांचं नाव वेगळं होतं ते दुरुस्त करायला लावलं, अर्ज कॉलेज लॉगिनमधून पुढं पाठवला, पांढरकवड्याच्या नाहीतर धारणीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात फोन केला. ती कोलामाची नाहीतर कोरकूची पोरगी त्या पैशावर पदवीधर झाली, पुढं नर्सिंगला गेली नाहीतर ग्रामसेवक झाली, आणि त्या बाबूला हे कधी कळलंच नाही. सत्र संपताना अशा एक-दोन माजी विद्यार्थ्यांना ऑफिसात बोलवा. हॉलमध्ये नको, स्टेज नको, हारतुरे नको. चहाच्या वेळी त्यांना त्या टेबलापाशी उभं करा आणि बोलू द्या. दहा मिनिटं पुरे.

सहावी पायरी: बोलणं आणि मान

सोमवारी सकाळी उभ्या उभ्या दहा मिनिटांची मीटिंग, या आठवड्यात काय अडलं आहे एवढंच. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकासोबत पंधरा मिनिटं एकट्यानं, त्यात तीन प्रश्न विचारा: काय अडलं, काय शिकायचं आहे, माझ्याकडून काय राहिलं. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत "काही नाही सर, सगळं बरोबर आहे" हेच उत्तर येईल. विचारत राहा. एक दिवस कोणीतरी म्हणेल, "सर, ते ज्यादा कामाचे बिल तुमच्या टेबलवरच हाये दीड महिन्यापासून." त्या दिवसापासून खरं बोलणं सुरू झालं असं समजा, आणि ते बिल त्याच दिवशी सही करून द्या.

प्राध्यापक लोकांशीही बोलावं लागते. पंचवीस वर्षांचा नवीन सहायक प्राध्यापक पंचावन्न वर्षांच्या परिचराला "अबे पाणी आण" म्हणतो, आणि कोणी टोकत नाही. तुम्ही टोका, पण एकट्यात बोलावून. नावापुढं भाऊ, काका, ताई, मावशी, मॅडम जे चालत असेल ते लावायचं, स्टाफ मीटिंगमध्ये एकदा सांगून टाका. आपल्या या भागातल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, हातात झाडू घेऊन गाव झाडणाऱ्या माणसाचं, तिथं झाडणाऱ्या माणसाला एकेरी हाक शोभत नाही.

मान समित्यांमध्येही दिसायला पाहिजे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणं महाविद्यालय विकास समितीत शिक्षकेतरांमधून निवडून आलेला एक सदस्य असतो, आणि वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. त्या सदस्याला बैठकीच्या आधी विषयपत्रिका द्या, बैठकीत त्याला बोलायला सांगा आणि तो जे बोलला ते इतिवृत्तात लिहा. आयक्यूएसीमध्येही (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षात) प्रशासनातली माणसं घ्यायची असतात, तिथं नुसतं नाव टाकू नका. नॅकची निम्मी माहिती तर ऑफिसातूनच येते, मग निकाल आल्यावर पेढे स्टाफरूममध्येच का वाटायचे?

कौतुक करताना नेमकं करा. "छान काम करता" हे कोणाला लागत नाही. "एक्झाम फॉर्ममधल्या विषय कोडच्या चुका तुम्ही विद्यापीठात जायच्या आधी पकडल्या, त्यामुळं पोरांचा दंड वाचला" हे लागते. आणि ते पत्रावर लिहून, जावक क्रमांक टाकून, त्याच्या वैयक्तिक फाइलमध्ये लावा. त्याची प्रत घरी नेतात लोक, बायको-पोरांना दाखवतात.

गोपनीय अहवालाचं तेवढं सांभाळा. वर्षभर गप्प राहून मार्चमध्ये वाईट शेरा लिहायचा ही पद्धत सोडा. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या देव दत्त प्रकरणात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सांगितलं आहे की प्रत्येक शेरा, चांगला असो वाईट असो, कळवला पाहिजे. सप्टेंबरमध्येच तोंडी सांगा की कुठं कमी पडत आहात, सुधारायला सहा महिने मिळतात.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात

नागपूरला ट्रेनिंगला एकच ठरलेला माणूस दरवेळी जातो, परत येऊन सर्टिफिकेट फाइलला लावतो, बाकीचे आहेत तिथंच. नियम करा: जो जाईल त्यानं आठ दिवसांत दोघांना शिकवायचं. जायच्या आधी प्रवासाचा ॲडव्हान्स द्या, पदरचे हजार रुपये घालून जायची ऐपत शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची नसते. युनिकोड टायपिंग, एक्सेल, माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर कसं द्यायचं, एवढं सगळ्यांना यायला पाहिजे. आणि निवृत्तीला आलेल्या माणसाला कॉम्प्युटर येत नाही म्हणून हिणवू नका, त्याला जुनी रेकॉर्डरूम तोंडपाठ असते. नवीन पोरगा आणि तो, दोघांना शेजारी बसवा, एक स्कॅन करेल, दुसरा सांगेल कोणतं रजिस्टर कुठं आहे.

एजन्सीची पोरं

यांच्यावर फार कमी लिहिलं जाते म्हणून मुद्दाम. बिल पास करायच्या आधी दर महिन्याला एजन्सीकडून पगार खात्यात जमा झाल्याचा पुरावा, पीएफचं आणि लागू असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलान मागा, नावांसकट. कंत्राटी कामगारांच्या कायद्याखाली ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे संस्थेवर येते, हे संस्थाचालकांनाही सांगून ठेवा. पोरांना ओळखपत्र द्या, टेबल-खुर्ची द्या, पीएफचा यूएएन नंबर कसा पाहायचा ते दाखवा.

आणि त्यांना "परमनंट करू" असं कधीही म्हणू नका, जोपर्यंत पद मंजूर होऊन जाहिरात निघत नाही तोपर्यंत. एवढ्या एका शब्दावर पोरं आठ-दहा वर्षं काढतात, वय निघून जाते, लग्नं अडतात. खरं सांगा, अनुभवाचं प्रमाणपत्र वेळेवर द्या, स्पर्धा परीक्षेच्या पेपरला सुट्टी द्या. चांगला पोरगा सोडून जाईल ही भीती असते, पण तो जितके दिवस राहील तितके दिवस मनापासून राहील.

जो खरंच काम करत नाही त्याचं काय

असतातच, एखादा-दोन. आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: काम येत नाही, जमत नाही, करायचं नाही. येत नसेल तर शिकवा. जमत नसेल तर कारण शोधा, डोळ्याला दिसत नाही, शुगर आहे, घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, सावकाराचं नाहीतर सोसायटीचं कर्ज आहे. दारू असेल तर चारचौघांत बोलू नका, घरच्यांना विश्वासात घ्या, उपचाराची रजा द्या, एक संधी नीट द्या आणि ती एकच आहे हे पण सांगा.

आणि करायचंच नसेल तर क्रम पाळा. आधी तोंडी, तारीख तुमच्या डायरीत. मग लेखी, काम आणि मुदत स्पष्ट लिहून. मग खुलासा मागा आणि खुलासा खरोखर वाचा. मग मेमो. रागाच्या भरात एकदम निलंबन काढलं तर कागद कच्चे राहतात, तो माणूस जिंकून परत येतो आणि ज्यांनी इमानदारीनं काम केलं त्यांचं मन मोडते. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना अशा वेळी शत्रू धरू नका. त्यांच्याशी आधीपासून, काही भांडण नसताना, दोन-तीन महिन्यांतून एकदा बसत असाल तर तेच त्या माणसाला समजावतात. पण कुणाला कितीही राग आला असला तरी खिडकीत पोरं उभी असताना कर्मचाऱ्याला रागवायचं नाही.

मोजायचं काय

हजेरीचं बायोमेट्रिक म्हणजे मोजणी नाही. बोनाफाईड किती दिवसांत मिळते, टीसीला किती दिवस लागतात, कॉलेज लॉगिनला शिष्यवृत्तीचे किती अर्ज पडून आहेत, विद्यापीठाकडून त्रुटीत किती फॉर्म परत आले, एवढे चार आकडे महिन्याच्या शेवटी ऑफिसातल्या फळ्यावर लिहा. माणसांची नावं लिहू नका, क्रमांक लावू नका, टेबलाचा आकडा फक्त. आकडा खराब आला तर पहिला प्रश्न "काय लागते तुम्हाला?" हा विचारा. बहुतेक वेळा उत्तर असते प्रिंटर, टोनर, नाहीतर तुमची सही.

सुरुवातीच्या तीन महिन्यांचा क्रम असा धरा. पहिला महिना तक्ता आणि ऐकणं. दुसऱ्या महिन्यात प्रलंबित कामांची पहिली बैठक आणि ऑफिसचं सिमकार्ड. तिसऱ्या महिन्यात टेबलांची पानं आणि जोड्या. फळ्यावरचे आकडे त्याच्यानंतरच, कारण आपली फाइल हलली हे दिसायच्या आधी त्यांच्या कामाचे आकडे फळ्यावर लिहिले तर ते शिक्षेसारखं वाटते. ॲडमिशनच्या धामधुमीत रुजू झाला असाल तर सेवापुस्तकं आणि वाटणी ऑगस्टमध्ये हाती घ्या, तोपर्यंत फक्त पाणी, पंखा, बदली रजा आणि परतीची येस्टी एवढं सांभाळा.